दुरुस्तीच्या नावाखाली

जुन्या लष्करी जीपचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो: "ते पेट्रोल इंजिन काढ, डिझेल बसव आणि मोकळा हो." सल्ला देणारा स्वतःला व्यवहारी समजतो. समोरच्याच्या खिशाची काळजी त्याला समोरच्यापेक्षा जास्त असते आणि इंजिन बसवून देणारा मिस्त्रीही त्याच्याच ओळखीतला निघतो. मग वाड्याच्या मागे ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातली एखादी विलीज किंवा फोर्ड गॅरेजला जाते. बाहेर येते तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन, बारा व्होल्टचं वायरिंग, पॉवर स्टिअरिंग आणि मडगार्डच्या बाहेर आलेले रुंद टायर असतात. वर हिरवा रंग, बोनेटवर पांढरा तारा. मालक अभिमानाने सांगतो, "रिस्टोअर केली."

याला दुरुस्ती म्हणायला माझी हरकत आहे. आणि ती हरकत हळवेपणाची नाही. वारसा, इतिहास, जिव्हाळा हे सगळं घटकाभर बाजूला ठेवू. ते शब्द काढले की व्यवहारी माणूस गालातल्या गालात हसतो आणि चर्चा तिथंच संपते. हा सल्ला व्यवहारातच तोट्याचा आहे, हे मला सांगायचं आहे. तेव्हा हिशेब पैशाचा, पान्याचा आणि कायद्याचाच करू.

आधी ही गाडी कशासाठी बनली ते बघावं लागेल. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने चारही चाकांनी ओढणाऱ्या हलक्या गाडीची मागणी काढली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा असं सांगितलं. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो २३ सप्टेंबर १९४० रोजी होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचवला. पुढचं मोठं काम मात्र विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. सैन्याची अट अशी होती की फोर्डच्या कारखान्यातला भाग विलीजच्या गाडीला बसला पाहिजे आणि विलीजचा फोर्डला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर काढल्या. चालकाच्या हातात पुस्तक दिलं, टीएम ९-८०३, फेब्रुवारी १९४४ चं. गाडी सुरू करण्याआधी काय पाहायचं, चालवताना कशाकडे कान द्यायचा, थांबल्यावर कुठे हात लावून बघायचं आणि दिवसअखेर काय पुसायचं-कसायचं, याच्या याद्या त्यात आहेत. देखभालीची पहिली पायरी चालक हीच होती. शेतावरून थेट सैन्यात आलेल्या विशीतल्या पोराला जमेल, अशाच बेताने हे यंत्र आखलेलं होतं.

त्याचं इंजिन बघा. गो-डेव्हिल हे त्याचं नाव. चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. विलीजच्या जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनावर बार्नी रूस या अभियंत्याने मेहनत घेतली आणि त्यातून ते तयार झालं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला, ब्लॉकमध्येच आहेत. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं जाड झाकण. नट सोडले, हेड उचललं की पिस्टनचे माथे आणि व्हॉल्व्ह सगळे समोर. काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, टॅपेट सेट करायचे, नवं गास्केट टाकून हेड परत. क्रँकच्या बेअरिंगचे शेल सुटे बदलता येतात. सिलिंडर घासला तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, तेही मोजमाप संपलं तर स्लीव्ह. यातलं एकही काम असं नाही, जे तालुक्याच्या ठिकाणचं बरं बोअरिंग वर्कशॉप करू शकणार नाही. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, पाचशे बारचा पंप नाही. असं इंजिन "आता दुरुस्त होत नाही" म्हणणारा मिस्त्री स्वतःविषयी काहीतरी सांगत असतो.

"पण पार्ट कुठे मिळतात?" हे पहिलं अस्त्र. जगात दुसऱ्या एखाद्या देशात हा प्रश्न खरा असेल, आपल्याकडे तो विचारणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल इथं बनू लागलं आणि अमेरिकेत ते बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिलं. सीजे-३बीचं हरिकेन इंजिन गो-डेव्हिलचाच धाकटा भाऊ: बोअर तोच, स्ट्रोक तोच, फक्त इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं म्हणून त्या गाडीचं बोनेटही उंच. खालचे बरेच भाग एकाच घराण्यातले. गटविकास अधिकाऱ्याच्या जीपपासून साखर कारखान्याच्या जीपपर्यंत या गाड्या खेड्यापाड्यांत फिरल्या, म्हणून त्यांच्या सुट्या भागांचा धंदाही इथं टिकला. परदेशातले हौशी लोक युद्धकाळातल्या जीपसाठी जे नवे भाग मागवतात, त्यांतले बरेचसे भारतात बनलेले असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत थोडे पाय झिजवायची तयारी हवी, एवढंच.

खरी तक्रार वेगळी आहे आणि ती व्यवहारी मंडळी कधीच करत नाहीत: नवे मिळणारे सगळे भाग चांगले नसतात. ऑइल सीलचं रबर कडक असतं, पॉइंटचे पत्रे ढिले असतात, बुशचं माप चुकलेलं असतं. यावर उपाय म्हणजे भाग घेताना जुना सोबत न्यावा, व्हर्नियर लावावा आणि दुकानदाराला कंटाळा येईपर्यंत डबे उघडायला लावावेत. अख्खं इंजिन बदलणं हा यावरचा इलाज नव्हे.

मग येतं पेट्रोल. मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. सैन्याच्याच आकड्यांनुसार ५७ लिटरच्या टाकीत ही गाडी सुमारे ४८० किलोमीटर जाते, म्हणजे लिटरला आठ-साडेआठ. डिझेलवर बारा-तेरा मिळेल असं धरू. आता विचारा, की ही गाडी वर्षाकाठी चालते किती? रविवारची फेरी, एखादी रॅली, दसऱ्याची पूजा आणि फार तर पावसाळ्यात एकदा घाटमाथा. हजार किलोमीटर धरले तरी डोक्यावरून पाणी. हजार किलोमीटरला पेट्रोल सव्वाशे लिटर, डिझेल ऐंशी लिटर. आजच्या भावाने वर्षाची बचत सहा-सात हजारांच्या आसपास. त्या बचतीसाठी इंजिन, पंप, माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सर आणि मजुरी धरून लाखाच्या घरातला खर्च करायचा, तो वसूल व्हायला पंधरा वर्षं थांबायचं आणि याला म्हणायचं व्यवहार! रोज शेतावर जाणारी, खतांची पोती वाहणारी ऐंशीच्या दशकातली महिंद्रा असेल तर ती डिझेलवरच चालावी. कारखान्यातूनच ती तशी आली आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

"ताकद नाही हो त्यात, घाटात दमते." हे ऐकलं की मला पहिला प्रश्न पडतो: टायमिंग शेवटचं कधी पाहिलं होतं? पॉइंटमधली फट? कॉम्प्रेशन मोजलं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "मिस्त्री म्हणाला की इंजिनच बाद आहे." लो रेंजमध्ये टाकलेली, नीट ट्यून केलेली ही जीप कुठल्याही घाटात चढते. तिला वेग नसतो, आणि तिच्याकडून तो कुणी मागूही नये. पण डिझेल टाकल्यावर काय होतं, हे जरा तपशिलात बघण्यासारखं आहे.

या गाडीच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.८८ आहे आणि टॉप गिअर थेट. म्हणजे ताशी ९६ किलोमीटरला इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास असतं. गो-डेव्हिलला ते चालतं, त्याची पूर्ण ताकद चार हजारांवर आहे. जुन्या पद्धतीच्या डिझेलला अडीच हजारांवरच बरं वाटतं, म्हणजे गाडी सत्तरच्या आत. त्यापुढे नेली की ते बोंबलतं. मग मिस्त्री म्हणतो, क्राउन-पिनियन बदलू. डिझेल पेट्रोलपेक्षा जड, म्हणून पुढचं तोंड खाली बसतं. मग पाट्यांमध्ये एक पान वाढवू. डिझेलचे दणके पेट्रोलपेक्षा जोरकस आणि मूळचा टी-८४ गिअरबॉक्स नाजूक. महिन्याभरात गिअर सुटायला लागतो, मग गिअरबॉक्स बदलू. रेडिएटर बसत नाही म्हणून पुढची जाळी कापू, गिअरबॉक्स लांब म्हणून फ्लोअर कापू, माउंटिंगसाठी चॅसीच्या क्रॉस मेंबरवर वेल्डिंग मारू. वजन वाढलं, नऊ इंची ड्रमचे ब्रेक पुरत नाहीत. डिस्क टाकू, बूस्टर टाकू. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. शेवटी मूळ गाडीतलं उरतं बोनेट, काच आणि आरसी बुकातला चॅसी नंबर. मंडी डबवालीच्या बाजारात नव्या पत्र्याच्या "विलीज" तयार मिळतात. हेच करायचं होतं तर तिकडूनच एक घ्यायची, युद्धातली खरी गाडी कशाला कापली?

सहा व्होल्टचा मुद्दा मला सगळ्यात जास्त चीड आणतो, कारण इथं चोर सोडून संन्याशाला फाशी होते. "सहा व्होल्टवर सेल्फच फिरत नाही, दिवे मिणमिणतात, बारा व्होल्ट करून टाका." अरे, त्याच सहा व्होल्टवर या गाड्या कुठल्या कुठल्या थंडीत सुरू झाल्या! घडतं ते असं. तेवढीच ताकद द्यायची तर सहा व्होल्टमध्ये करंट दुप्पट लागतो. वायर तीच ठेवली तर वाटेत होणारी घट दुप्पट, आणि मुळात व्होल्टच निम्मे असल्यामुळे त्या घटीचा वाटा चौपट. म्हणून मूळ गाडीत बॅटरीच्या केबल अंगठ्याएवढ्या जाड होत्या. त्या कधीतरी खराब झाल्या आणि कुणीतरी दुकानातून बारा व्होल्टच्या बारीक केबल आणून लावल्या. झालं, सेल्फ रडायला लागला.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे नुकतीच नटवलेली जीप न नटवलेल्या जीपपेक्षा वाईट सुरू होते. पेंटरने चॅसी, बॉडी, इंजिन सगळं सुटं करून छान स्प्रे मारलेला असतो. मग फिटर त्या रंगावरच अर्थची पट्टी बोल्टने कसतो. खाली रंग, वर तांब्याची पट्टी. करंट जाणार कुठून? तिथं पाना लावा, बोल्ट काढा, आणि पट्टीच्या डोळ्याएवढी जागा एमरी पेपरने चकाकेपर्यंत घासा. बॅटरी ते चॅसी, इंजिन ते चॅसी, चॅसी ते बॉडी, सगळीकडे तेच करा. दातेरी वॉशर घाला, कसा, वरून थोडं ग्रीस लावा. ज्या सेल्फला लोक शिव्या घालत होते तो पहिल्या दाबाला इंजिन फिरवतो. खर्च: जाड केबलचे पैसे आणि अर्धा दिवस. याउलट बारा व्होल्ट करायचं तर बल्ब, कॉइल, डायनॅमो, मीटर, हॉर्न सगळं बदलावं लागतं, आणि अर्थखालचा रंग तसाच राहतो!

स्टिअरिंगचंही तेच. ताशी पन्नासला पुढची चाकं थडथडायला लागली, वॉबलिंग सुरू झालं की डॅम्पर लावतात किंवा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स चढवतात. दोष असतो नकलच्या किंग पिन बेअरिंगमध्ये, टाय रॉडच्या टोकांत आणि मधल्या बेल क्रँकच्या झिजलेल्या पिनमध्ये. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, आणि दुसऱ्या माणसाला बेल क्रँककडे बघत बसायला सांगा. पिन किती हलते ते डोळ्यांना दिसतं. नकलचे पातळ शिम कमी-जास्त करून बेअरिंगचा ताण बसवायचा, हे वेळखाऊ काम आहे. चिखलात आणि जुन्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालावे लागतात. डॅम्पर लावणं सोपं. म्हणून लोक तो लावतात. आणखी एक, डाव्या पुढच्या पाट्याखाली एक छोटी जोडपट्टी असते. जोरात ब्रेक मारला की पाटा पिळवटून स्टिअरिंग खेचलं जाऊ नये म्हणून विलीजच्या अभियंत्यांनी ती दिली. उजवीकडे ती नाही, म्हणून मिस्त्री ठरवतो की कुणीतरी मागाहून जुगाड केला आहे, आणि काढून फेकतो. मग गाडी ब्रेकला ओढते. दोष पुन्हा गाडीला.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो खोडायला मला मेहनत पडते. "अहो, मूळ असं काही नसतंच. सैन्यानेच युद्धात विलीजच्या चॅसीवर फोर्डचं इंजिन चढवलं. महिंद्रांनीही पुढे स्वतःच्या जीपमध्ये डिझेल घातलं. जबलपूरच्या जोंगात शेवटी शेवटी डिझेल आलंच की. मग आम्ही घातलं तर काय बिघडलं?" यातलं पहिलं वाक्य खरं आहे. भारतात उरलेल्या बहुतेक जीप लिलावातून, डेपोतून आलेल्या. त्यांत फोर्ड आणि विलीज पार मिसळलेले आहेत. म्हणून मी त्या मंडळींच्याही बाजूचा नाही, जी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा एफ शोधत फिरतात आणि तो नाही म्हणून नाक मुरडतात. फोर्डचा भाग विलीजला लागणं हा या गाडीचा मूळ करारच होता. पण त्याच करारात ट्रॅक्टरचं किंवा पिकअपचं डिझेल कधी नव्हतं. महिंद्रांनी डिझेल बसवलं तेव्हा चॅसी, गिअरबॉक्स, एक्सल सगळ्याचा विचार करून नवी गाडी काढली. गल्लीतला मिस्त्री गॅस कटर घेऊन जे करतो त्याला ती उपमा लावू नये. जोंगाचंही तसंच, निस्सानच्या परवान्यावर जबलपूरला बनलेल्या त्या गाडीचं जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन काढून टाकायची टूम आता तिकडेही पसरली आहे.

रंग मारून नवं म्हणून खपवण्याची आपली परंपरा तशी जुनी. स्वातंत्र्यानंतरचा पहिला गाजलेला घोटाळाच मुळी १९४८ च्या जीपखरेदीचा; लंडनहून ठरवलेल्या त्या व्यवहारात "दुरुस्त केलेल्या" जुन्या जीप मागवल्या, त्यातल्या १५५ इथं उतरल्या आणि लष्कराने त्या नापसंत केल्या. तेव्हा निदान तपासणारं कुणीतरी होतं.

आणि कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, व्हीए अक्षरांची नंबर प्लेट, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट स्पष्ट आहे: गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नको. डिझेल टाकून "रिस्टोअर" केलेली जीप या दारातून आत जातच नाही. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याच कलमाच्या आधारे बजावलं. इंजिन बदलायची वेळ आलीच तर आरटीओची परवानगी लागते. व्यवहारी सल्लागार हे सांगत नाहीत. आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल, अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी काय म्हणेल, हेही ते सांगत नाहीत.

मी सोवळ्यात गाडी ठेवा म्हणत नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. त्याने जुन्या पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या फुगतात, आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं तर पाणी धरून गंज चढतो. तिथं इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचे भाग घालणं हे शहाणपण आहे. ब्रेकच्या नळ्या, व्हील सिलिंडरचे कप नवे घाला, वाटलं तर सीटबेल्टही लावा. यातलं काहीही उद्या काढून टाकता येतं आणि चॅसीवर एकही नवं भोक पडत नाही. आजोबांनीच कधीकाळी डिझेल घातलेली जीप वारशाने मिळाली असेल, तर पदरात पडलं पवित्र झालं. ती तशीच चालवा. ठरवून, पैसे मोजून, आज कापायला निघालेल्यांशी माझं भांडण आहे.

"गाडी माझी, पैसे माझे" या शेवटच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही. खरं आहे, गाडी तुमचीच. फक्त एक करा. गॅरेजमध्ये उतरवलेलं गो-डेव्हिल बहुतेक वेळा मजुरीत वजा होतं आणि किलोच्या भावाने भंगारात जातं. तसं होऊ देऊ नका. ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर ठोकलेला नंबर वहीत लिहून ठेवा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, हाताने क्रँक दोन फेऱ्या फिरवा, सगळी भोकं बंद करा, फळ्यांवर कोरड्या जागी ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा ते गाडीसोबतच द्या.